दिवाळीच्या सुट्टीत टिपलेला किनारा: आपल्या बारा छायाचित्रांविषयी

हरिहरेश्वर, मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवती अशी सहल करून आपण काढलेली बारा छायाचित्रे मी सावकाश पाहिली. सोबत आपण तीन प्रश्न विचारले आहेत: डोळ्यांना इतका भव्य वाटलेला समुद्र छायाचित्रात सपाट का दिसतो, मोबाइल सोडून चांगला कॅमेरा घ्यावा का, आणि यांपैकी कोणती छायाचित्रे जाणकारांना दाखवून त्यांचे मत मागावे. तिन्ही प्रश्नांचे मूळ मला एकच दिसते. आपली बहुतेक छायाचित्रे गाडीरस्ता जिथे संपतो तिथून, उभ्याने, आणि सहलीच्या आखणीत ती जागा ज्या वेळी आली त्या वेळी काढलेली आहेत. कुठे उभे राहायचे आणि किती वाजता, या दोन गोष्टींवर किनाऱ्याच्या छायाचित्राचे बरेचसे भवितव्य ठरते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी आपण प्रवासाच्या सोयीवर सोपवल्या होत्या. पुढचे सगळे विवेचन मी याच अंगाने करणार आहे, आणि ते आपल्याच छायाचित्रांवरून केले तर अधिक उपयोगी पडेल.

मालवणच्या धक्क्यावरून संध्याकाळी काढलेले सिंधुदुर्ग किल्ल्याचे छायाचित्र आपल्याला सर्वांत जास्त निराश करून गेले, असे आपण लिहिले आहे. कुरटे बेटावरचा हा किल्ला मालवणच्या पश्चिमेला आहे. याचा अर्थ असा, की संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या पाठीमागे असतो आणि आपल्याकडे तोंड करून असलेली तटबंदी पूर्ण सावलीत असते. काळी आकृती चांगली दिसायची असेल, तर त्या आकृतीच्या बाह्यरेषेला चढउतार हवेत. सिंधुदुर्ग लांबच लांब आणि बुटका आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून तो पाण्यावरच्या एका जाड काळ्या रेघेसारखा दिसतो. त्यात आपण मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स वापरली आहे. रुंद लेन्स दूरच्या वस्तू आणखी लहान करते आणि जवळच्या वस्तू मोठ्या करते. आपल्या चित्रात जवळ काहीच नसल्याने मोठे झाले ते फक्त रिकामे पाणी. हाच किल्ला सकाळी पाहावा. नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेकडे सरकलेला असतो, म्हणून धक्क्यावर उभे राहिल्यास ऊन डाव्या खांद्यामागून येते, तटावर तिरपे पडते, बुरुजांची एक बाजू उजळते, दुसरी किंचित अंधारते आणि त्यांची गोलाई उठून येते. दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरून तटबंदीचा एखादाच भाग आणि त्यापुढून जाणारी होडी एवढेच घेतले, तर १६६४ साली समुद्रात उभारायला घेतलेल्या त्या बांधकामाचे दडपण चित्रात येऊ शकेल. किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे, ज्याची पूजा करून किल्ल्याच्या कामाचा आरंभ झाला असे सांगतात. पाणी उतरलेले असताना तो खडक जवळ ठेवून मागे किल्ला घेणे हा आणखी एक मार्ग आहे, आणि रुंद लेन्सचे खरे काम तिथे आहे.

आता तारकर्लीच्या दोन छायाचित्रांकडे वळतो, कारण त्या दोघांच्या तुलनेत किनाऱ्याच्या छायाचित्रणाचा निम्मा धडा आहे. पहिले भाऊबीजेच्या संध्याकाळचे आहे आणि दुसरे त्यानंतरच्या अष्टमीचे. जागा जवळपास तीच, वेळही सूर्यास्ताचीच. तरी पहिल्यात ओल्या वाळूचा रुंद, चकचकीत पट्टा आहे आणि त्यात आकाशातला केशरी रंग उतरला आहे. दुसऱ्यात मात्र कोरडी, पायांनी तुडवलेली वाळू, मग लगेच गढूळ लाट आणि वर फिकट आकाश आहे. दुसऱ्या दिवशी आकाशानेच दगा दिला, असे आपले म्हणणे आहे. फरक मुख्यतः पाण्याच्या पातळीचा आहे.

कोकणात कोळी आणि गाबीत ही मासेमारी करणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब सांगत आली आहेत: चालू पक्षातल्या तिथीची पाऊणपट करावी, येईल तो साधारणपणे पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. अमावास्या आणि पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. मुंबईपेक्षा दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, म्हणून मालवणला हा हिशेब थोडा अलीकडे ओढून घ्यावा, आणि निश्चित वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे तक्ते मोबाइलवरही मिळतात. पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी, की आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत ओहोटी सूर्यास्ताच्या वेळेला येऊन मिळते. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जाते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे दिवाळीत कोकणात जाणाऱ्याला ही संधी दर वर्षी आपोआप मिळते, फक्त ती पहिल्या तीन-चार संध्याकाळींपुरतीच असते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, त्याची हालचाल कमी, आणि सूर्यास्ताला ते वर चढलेले.

ओली वाळू का हवी, याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. सूर्यास्ताला आकाश फार उजळ आणि जमीन फार काळोखी असते. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत, मग एक तर आकाश पांढरे पडते किंवा वाळू काळी होते. ओली वाळू आकाशाचाच उजेड खाली आणते, दोहोंमधले अंतर कमी करते आणि कॅमेऱ्याचे काम हलके होते. आपले भाऊबीजेचे छायाचित्र कोणताही फिल्टर नसताना, मोबाइलवर, इतके समतोल उतरले ते यामुळे. त्यात मला एकच गोष्ट खटकते: उजव्या कडेला अर्धी कापली गेलेली रंगीत छत्री. नजर आधी तिकडे धावते. चार पावले डावीकडे सरकला असतात, तर ती चित्राबाहेर गेली असती. छायाचित्र टिपण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसऱ्या तारकर्लीच्या चित्रात क्षितिज उजवीकडे झुकले आहे, फार नाही, एखादा अंश असेल. डोंगराच्या चित्रात एवढा कल कुणाच्या लक्षातही येत नाही, पण समुद्राच्या चित्रात पाणी एका बाजूने सांडते आहे असे वाटते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाळी आणि पातळी दाखवणारी रेघ चालू करता येते, ती कायम चालू ठेवावी. याच चित्रात क्षितिज किंचित वाकलेलेही आहे. अतिरुंद लेन्स वर किंवा खाली कलली आणि क्षितिज चौकटीच्या मध्यापासून दूर गेले, की असे होते, आणि नंतर दुरुस्त करताना चित्राच्या कडा ताणल्या जातात.

देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ काढलेले होडीचे छायाचित्र बारांतले सर्वांत आशादायक आहे, आणि त्यातली उणीव फार शिकवणारी आहे. उलांडीची (तोल राखण्यासाठी बाजूला लाकूड बांधलेली) लहान होडी, तिच्यात उभा असलेला माणूस, मागे शांत पाणी. सगळे जुळून आले आहे, पण क्षितिजाची रेघ त्या माणसाच्या बरोबर मानेतून जाते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी आकृती मोकळी वाटत नाही. इथे एक साधा भूमितीचा नियम लक्षात ठेवावा: सपाट समुद्रावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, म्हणून समोरच्या वस्तूचा जो भाग कॅमेऱ्याच्या उंचीवर येतो, तो क्षितिजाने कापला जातो. आपण उभे होतात, तोही उभा होता आणि होडी पाण्याला जेमतेम वर होती, म्हणून रेघ मानेतून गेली. आपण वाळूवर उकिडवे बसला असतात, तर ती त्याच्या मांडीच्या आसपास आली असती आणि धड, हात आणि वल्हे स्वच्छ आकाशावर उमटले असते. उलट, होडी पूर्णपणे पाण्याच्या पार्श्वभूमीवर हवी असेल, तर धक्क्यावर किंवा उंचवट्यावर चढावे लागते. दोन्ही चित्रे चांगली होतील आणि दोन्हींचा भाव वेगळा असेल. वाईट असते ती मधली उंची, आणि बहुतेक जण उभ्या माणसाच्या उंचीवरूनच सगळी छायाचित्रे काढतात. किनाऱ्यावर गुडघे टेकायला लाजू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

याच चित्राबाबत आणखी एक. होडी आपण चौकटीच्या अगदी मध्यभागी ठेवली आहे. तिचे तोंड डावीकडे आहे, तर उजवीकडे ठेवून पुढे जायला पाणी मोकळे सोडले असते, तर चित्रात गती आली असती. मात्र मध्यभागी ठेवणे हा गुन्हा आहे, असे मी मानत नाही. हरिहरेश्वरच्या एका चित्रात आपण खडकातली घळ बरोबर मध्ये घेतली आहे आणि ते योग्यच झाले आहे.

निवतीच्या किल्ल्यावरून दिसणारा भोगवेचा किनारा आपण दुपारी सव्वाबाराला टिपला. घरातल्या सगळ्यांना हेच छायाचित्र सर्वांत आवडले, असे आपण म्हणता, आणि त्यात नवल नाही, कारण ती जागाच विलक्षण आहे. पण डोक्यावरच्या उन्हात वाळूला सावली नाही, लाटांना पोत नाही, आणि जांभ्या दगडाचा तांबूस रंगही धुऊन निघाल्यासारखा झाला आहे. हा किनारा किल्ल्यावरून उत्तरेकडे पसरतो. म्हणून सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभरात तिथे गेल्यास ऊन डावीकडून, जमिनीला जवळपास समांतर येते, प्रत्येक लाटेच्या पाठीवर उजेड आणि पोटाशी सावली पडते. त्या वेळी उत्तरेचे आकाश सूर्यापासून साधारण काटकोनात असते, आणि पोलरायझर (परावर्तित चकाकी कमी करणाऱ्या) फिल्टरचा परिणाम नेमका काटकोनातच सर्वाधिक होतो. कॅमेरा घेतलात, तर पहिला फिल्टर तोच घ्यावा. पाण्यावरची चकाकी काढून खालची वाळू दाखवणे हे एक असे काम आहे, जे नंतर संगणकावर करता येत नाही. फक्त अतिरुंद लेन्सवर तो लावू नये; आकाशाचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिका पडतो.

सूर्य बुडतानाच्या चार छायाचित्रांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण चारांतली अडचण एकच आहे. बिंबाभोवती केशरी रंगाचा एक सपाट, कडा असलेला डाग दिसतो, ज्यात ढगांचे बारकावे उरलेले नाहीत. सूर्यास्ताच्या रंगात लाल भाग फार प्रबळ असतो, म्हणून एकूण उजेड ठीक दिसत असतानाही लाल रंगाची नोंद आधीच कमाल मर्यादेला जाऊन थांबते. त्यावर संपादन करताना रंग वाढवणारी पट्टी उजवीकडे ओढली, की उरलेसुरले तपशीलही जातात. टिपतानाच उजेड थोडा कमी ठेवावा: मोबाइलवर बिंबाशेजारच्या ढगावर बोट ठेवून पट्टी खाली ओढावी, कॅमेऱ्यावर हिस्टोग्राममधला (उजेडाची विभागणी दाखवणाऱ्या आलेखातला) लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा. लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स लावलेल्या आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून सूर्याकडे पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आणि बिंब बुडाल्यावर लगेच पाठ फिरवू नये. टेकल्यापासून नाहीसे होईपर्यंत त्याला जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटे लागतात आणि सगळी गर्दी तेवढ्यासाठी जमते. पण त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश आणि जमीन यांच्या उजेडातले अंतर कमी होते, आणि रंग अनेकदा तेव्हाच खोल होतात. आपल्या चारही छायाचित्रांच्या वेळा पाहता आपण बिंबाबरोबरच निघालेले दिसता.

हरिहरेश्वरचे खडक मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण तिथे आपली नजर खऱ्या अर्थाने काम करताना दिसते. प्रदक्षिणा मार्गावर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कोरलेल्या त्या छिद्रांच्या भिंतीपाशी आपण थांबलात, जवळ गेलात, आणि समुद्र चित्रातून जवळजवळ वगळलात. वरच्या कोपऱ्यात त्याची एक फिकट पट्टी ठेवली आहे. छिद्रांच्या आत सावली, कडांवर तिरपे ऊन, आणि खालच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात आकाशाचा तुकडा. पाहणाऱ्याला लाटेचा आवाज ऐकू येईल, असे हे चित्र आहे, आणि यात समुद्र सर्वांत कमी आहे. सपाटपणाच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच इथे दिले आहे: डोळा वाऱ्यासह, आवाजासह आणि मान फिरवत समुद्र पाहतो, चौकटीत यातले काहीच येत नाही, म्हणून तिथे समुद्राने काय केले आहे, त्याची खूण दाखवावी लागते. तारकर्लीला सकाळच्या ओहोटीत लहान खेकड्यांनी बिळाभोवती रचलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढल्यानंतर वाळूत उमटलेल्या दोरांच्या रेघा, सुरूच्या बनात वाऱ्याने कललेले बुंधे, यांचाही त्यात समावेश होतो.

त्याच जागी आपण लाटेचे एक छायाचित्र काढले आहे, ज्यात पाणी ना गोठलेले आहे ना वाहते. शटरचा वेळ पन्नासांश सेकंदाच्या जवळ गेला असावा. उडणारे तुषार थेंबाथेंबाने हवे असतील, तर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ हवा. खडकावरून परतणाऱ्या फेसाच्या रेघा हव्या असतील, तर पाव ते अर्धा सेकंद, ट्रायपॉडवर, आणि लाट आदळताना टिपण्यापेक्षा ती मागे फिरताना टिपावे, कारण रेघा तेव्हाच समुद्राकडे ओढल्या जातात. तीस सेकंदांत पाण्याचे धुके होते. मला ते क्वचितच आवडते, कारण मग कोकणातला समुद्र आणि दुसरा कुठलाही समुद्र सारखाच दिसतो. आयफोनच्या लाइव्ह छायाचित्रातून लाँग एक्स्पोजरचा (शटर जास्त वेळ उघडे ठेवल्याचा) परिणाम मिळवता येतो, प्रयोगासाठी तो पुरेसा आहे. प्रदक्षिणा मार्गावर मात्र भरती सुरू होण्याआधी बाहेर पडावे आणि ओल्या, शेवाळलेल्या खडकावर समुद्राकडे पाठ करून कधीही उभे राहू नये. तिथे लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि छायाचित्रात गुंतलेला माणूस सर्वांत बेसावध असतो.

आता कॅमेऱ्याचा प्रश्न. आपल्या बारांपैकी चांगल्या कॅमेऱ्याने सुधारली असती, अशी छायाचित्रे मला तीन दिसतात: परतणाऱ्या लाटेचे, आणि सूर्यास्ताची दोन, जिथे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातल्या फाइलमधून ढगांचे तपशील काढता आले असते. बाकीच्यांत दोष जागेचा, उंचीचा किंवा वेळेचा आहे. म्हणून पुढची एक सुट्टी मोबाइल आणि लहानसा ट्रायपॉड घेऊन काढावी, मग निर्णय घ्यावा. कॅमेरा घेतलाच, तर खाऱ्या हवेची काळजी आलीच. लेन्सवर मिठाचा ओलसर थर बसतो आणि चित्रे धुरकट येतात. आपल्या दोन छायाचित्रांत तो आहेच. आधी फुंकणीने वाळूचे कण उडवावेत, मग लेन्सच्या द्रावणाने पुसावे. कोरडे कापड घासले, तर वाळू काचेवर ओरखडे पाडते.

मत कोणाकडे आणि कसे मागावे, हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, आपण विचारलात याचा मला आनंद वाटला. बाराही छायाचित्रे एकदम पाठवली, तर पाहणारा सहलीचे कौतुक करतो आणि छायाचित्रांचे परीक्षण राहून जाते. तीनच निवडावीत: हरिहरेश्वरच्या खडकाचे, भाऊबीजेच्या संध्याकाळचे तारकर्लीचे आणि देवबागच्या होडीचे. निवतीचे घरच्या संग्रहात मानाने ठेवावे, तिथे त्याचे मोल वेगळे आहे. प्रत्येकासोबत एका वाक्यात आपल्याला काय दाखवायचे होते ते लिहावे, आणि “कसे वाटले?” असे न विचारता “पाहताना नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला “अप्रतिम” हे उत्तर येते, दुसऱ्याला उजव्या कडेची छत्री सापडते. इतरांच्या छायाचित्रांवर मत देतानाही हाच क्रम पाळावा: आधी आपल्याला काय दिसले ते, मग त्याचा परिणाम, आणि टिपतानाच्या कोणत्या निर्णयामुळे तो झाला असेल याचा अंदाज शेवटी. “मी असतो तर” या शब्दांनी सुरुवात करू नये. त्या क्षणी त्या जागी आपण नव्हतो. होडीतल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, तेव्हा ते छायाचित्र सार्वजनिक करण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. देवबागला ज्यांच्याकडे उतरला होतात, त्यांच्यामार्फत ते सहज होईल.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास चित्र दाबले जाते आणि खडकाचा पोत पुसट होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. रंगांची नोंद एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणाऱ्या रंगपद्धतीत) ठेवावी, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर केशरी रंग मळकट दिसू शकतो. संपादित चित्राबरोबर मूळ फाइलही द्यावी. हरिहरेश्वरच्या छायाचित्राची मूळ फाइल मलाही पाठवा, कारण वरच्या कोपऱ्यातली समुद्राची पट्टी जरा जास्त उजळली आहे, आणि ती टिपतानाच तशी आली की संपादनात झाली, हे मला पाहायचे आहे.